गव्हाविना भाकरी : जुनी युक्ती, नवी गरज



'ग्लुटेनमुक्त' हा शब्द आता तालुक्याच्या दुकानातल्या पुड्यांवरही दिसू लागला आहे. गहू न वापरता केलेली बिस्किटं, पाव, केक आणि भाजी गुंडाळून खायच्या पातळ पोळ्या शहरात चढ्या भावानं विकल्या जातात. ते पाहून पुष्कळांना वाटतं, ही काहीतरी परदेशातून आलेली नवी कला असावी. पण आपल्या घरात रोज थापली जाणारी ज्वारीची भाकरी म्हणजे दुसरं काय आहे? तीत गहू नाही, म्हणून ग्लुटेनही नाही.

ही गोष्ट नुसत्या कौतुकाची नाही. काही माणसांना गव्हाची पोळी खरोखरच बाधते. त्यांच्या जिवासाठी गव्हाविना अन्न लागतं. अशा माणसाला लागणारं धान्य आपल्या शेतात पिकतं आणि त्याची भाकरी करायची रीत आपल्या घरात आहे. मात्र धान्य आणि रीत दोन्ही मागे पडत चालली आहेत. म्हणून या पत्रकात गव्हाविना भाकरीचा इतिहास थोडक्यात देत आहोत. त्यासोबत घरी करून पाहण्याजोगे काही प्रकार आणि पाळावयाच्या गोष्टीही दिल्या आहेत.

ग्लुटेन म्हणजे काय?

गव्हाच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या. पाण्याच्या बारीक धारेखाली तो हळूहळू चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जातं, तो स्टार्च म्हणजे पिठूळ भाग. शेवटी हातात करडा, रबरासारखा ताणला जाणारा लगदा उरतो. हेच ग्लुटेन. हा एक प्रथिनांचा समूह आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात बेकारी नावाच्या विद्वानांनी १७२८ साली हा प्रयोग सांगितला आणि १७४५ साली तो छापून प्रसिद्ध झाला. कणकेतून हे प्रथिन पहिल्यांदा वेगळं काढून दाखवलं ते त्यांनी.

पोळी लाटताना ती फाटत नाही, कणीक ताणली तरी तुटत नाही, ते या ग्लुटेनमुळे. पाव फुगतो तोही त्याच्याच जोरावर. पीठ आंबलं की आत वायू तयार होतो. ग्लुटेनचं जाळं फुग्यासारखं ताणून तो वायू धरून ठेवतं. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाचं पीठ आंबवायला माडाची ताडी घालीत, पण ताडी कितीही चांगली असली तरी पीठ गव्हाचंच लागे. ज्वारीच्या पिठात वायू धरून ठेवणारं असं जाळं नसतं.

ग्लुटेनची जातकुळी गहू, जव आणि राय या तीन धान्यांत आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राळा, मका, तांदूळ आणि राजगिरा यांत ते नाही. सर्व कडधान्यंही त्यापासून मुक्त आहेत.

पाव बाधतो हे कसं कळलं?

काही मुलांना सतत जुलाब होतात, पोट फुगतं, हातपाय काटकुळे होतात आणि वाढ खुंटते. या आजाराचं वर्णन जुन्या ग्रीक वैद्यांनीही करून ठेवलं होतं. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ साली त्याचं नीट वर्णन लिहिलं आणि हा आजार बरा व्हायचा तर आहारानंच होईल, असं मत दिलं. पण कोणता आहार, हे त्यांना सापडलं नाही. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांचा आहार सुरू केला. मुलं सुधारली. सगळ्यांना वाटलं, गुण केळ्यांचा. खरं कारण असं होतं की केळ्यांच्या पथ्यात पाव बंद झाला होता.

हे कोडं सोडवलं हॉलंडमधल्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. एका आजारी मुलाच्या आईनं त्यांना सांगितलं होतं, की पाव बंद केला की माझ्या मुलाला बरं वाटतं. डिके यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. १९३० च्या दशकापासून ते आजारी मुलांना गव्हाविना आहार देऊन पाहू लागले आणि १९४१ साली त्यांनी त्याविषयी लिहिलं.

पुढं महायुद्ध आलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणसं ट्युलिप फुलांचे कंद उकडून खाऊ लागली. उपासमारीनं सुमारे वीस हजार माणसं मेली. अशा दिवसांत पावही दुर्मीळ झाला होता. सगळा देश खंगत असताना या आजाराच्या मुलांची मात्र प्रकृती सुधारली, आणि युद्ध संपून पाव परत मिळू लागल्यावर ती पुन्हा ढासळली. डिके यांचा तर्क त्यामुळे आणखी पक्का झाला.

शास्त्राला मात्र मोजमाप लागतं. युद्धानंतर डिके यांनी मुलांना आलटून पालटून गव्हाचा आणि गव्हाविना आहार दिला. व्हॅन दे कामर या रसायनतज्ज्ञांनी विष्ठेतली चरबी मोजायची रीत बसवली होती, तिच्यामुळे अन्न अंगी लागतं की नाही हे आकड्यांत कळलं. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला. गहू आणि राय बाधतात, तांदूळ आणि मका बाधत नाहीत, हे त्यातून आणि पाठोपाठच्या कामातून दिसलं. पुढं दोष ग्लुटेनचा आहे हे सिद्ध झालं. १९५४ साली इंग्लंडचे डॉक्टर पॉली यांनी या रोग्यांच्या लहान आतड्याचं अस्तर खराब झालेलं असतं, हे दाखवलं.

या आजाराला सिलिॲक म्हणतात. अन्न शोषून घेणाऱ्या आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. या रोग्याच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची स्वतःची संरक्षणशक्तीच त्या लवेवर उलटते. लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू, जव, राय जन्मभर बंद ठेवणं हाच उपाय. पथ्य नीट पाळलं तर लव पुन्हा उगवते आणि बहुतेक मुलं चांगली वाढीला लागतात.

आपल्या देशात हा आजार नाही, असं पुष्कळ वर्षं समजलं जाई. ते खरं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात साधारण शंभरात एकाच्या रक्तात या आजाराच्या खुणा सापडल्या. दक्षिणेत हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास होतं. उत्तरेत गहू फार खाल्ला जातो, दक्षिणेत कमी, हा फरकही त्या पाहणीनं दाखवला. आता महाराष्ट्रातही रेशनचा गहू, बिस्किटं, शेवया आणि पाव घरोघरी पोचले आहेत, तेव्हा आपणही सावध राहिलेलं बरं.

चिकटपणा नाही, मग भाकरी कशी होते?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ग्लुटेन नसलेलं पीठ तुटतं, चिरतं. मग त्याची घडी पडेल, गुंडाळी होईल अशी भाकरी करायची कशी? ज्या ज्या मुलखात गहू मुख्य पीक नव्हता, तिथल्या बायकांनी हा प्रश्न आपापल्या परीनं सोडवला आहे. त्यातल्या तीन रीती पाहण्याजोग्या आहेत.

पहिली मेक्सिकोची. मका तिथलाच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून तो पिकात आणला. मक्याचे वाळके दाणे ते चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसेच ठेवतात, धुतात आणि ओलेच वाटतात. चुन्यानं दाण्याची साल सुटते, पिठाला बांधणी येते आणि त्याची पातळ, लवचीक भाकरी होते. तिला तोर्तिया म्हणतात. तीत घेवडा, मिरची किंवा मांस गुंडाळून खातात. चुन्याचा दुसराही उपयोग होता. मक्यात एक जीवनसत्त्व बांधलेल्या स्थितीत असतं, ते चुन्यानं मोकळं होतं. पुढं मका युरोपात गेला, पण ही चुन्याची रीत गेली नाही. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा नावाचा कातडीचा आणि मेंदूचा रोग पसरला. बियाणं घेतलं, पण ते रांधायचं शहाणपण मागेच राहिलं. त्याची किंमत दीडदोनशे वर्षं मोजावी लागली.

दुसरी रीत इथिओपियाची. तिथं टेफ नावाचं राजगिऱ्याहूनही बारीक दाण्याचं धान्य पिकतं. त्याचं पीठ पाण्यात कालवून दोन-तीन दिवस आंबवतात. मग त्या पिठातला थोडा भाग पाण्यात शिजवून त्याची खळ करतात आणि ती परत पिठात मिसळतात. नंतर मोठ्या मातीच्या तव्यावर ते पातळ पसरतात. वरून झाकण ठेवलं की जाळीदार, मऊ पोळी तयार होते. तिला इंजेरा म्हणतात. ताटाचं कामही तीच करते. तिच्यावर कालवण वाढतात आणि तिच्याच तुकड्यात गुंडाळून खातात.

तिसरी रीत आपली. भाकरीसाठी आपण कढत पाणी घालतो, ते उगीच नव्हे. कढत पाण्यानं पिठातला काही स्टार्च शिजून त्याची खळ होते आणि तीच ग्लुटेनचं काम थोड्याफार प्रमाणात करते. मग तळहातानं रगडून रगडून पीठ एकजीव करायचं. इथिओपियाची बाई पीठ शिजवून परत मिसळते आणि आपली बाई उकड काढते. मुलूख वेगळे, बायकांची एकमेकींशी ओळख नाही, पण तत्त्व एकच. खानदेशात याहून एक पायरी पुढं गेले. तिथं ज्वारीत उडीद घालून दळतात आणि कळण्याची भाकरी करतात. उडदात एक बुळबुळीत डिंकासारखा अंश असतो, त्यानं पीठ धरून राहतं. वर ज्वारीच्या प्रथिनाला डाळीच्या प्रथिनाची जोड मिळते ती वेगळीच. कोकणात तांदूळ-उडीद आंबवून आंबोळी करतात आणि तांदळाच्या पातळ पिठाचं घावन घालतात. आंबोळीत किंवा घावनात उसळ गुंडाळली की तीही एक तोर्तियाच झाली.

आजकाल शहरातल्या बेकरीत यासाठी झँथन नावाचा डिंक वापरतात. तो १९५० च्या दशकात अमेरिकेच्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत जंतूंपासून तयार केला गेला. इसबगोलाचा भुसाही त्याच कामी येतो. इसबगोल मुख्यतः गुजरात-राजस्थानात पिकतो आणि आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळतो.

ज्वारी आली कुठून आणि चालली कुठं?

ज्वारीला आपण आपलीच म्हणतो, पण तिचं माहेर आफ्रिका. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी सुदानच्या पूर्व भागात ती लागवडीखाली आली. बाजरी आली ती पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातून आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातून. इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्या सुमारापासून ही धान्यं आपल्या देशात पोचू लागली. त्याआधीचं दख्खनचं अन्न वेगळं होतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झालं. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं मुख्य धान्य जव होतं. म्हणजे भाकरीचं धान्य एकदा बदललं, ते पुन्हाही बदलू शकतं, हे इतिहासच सांगतो.

दख्खनच्या काळ्या जमिनीत ज्वारी रुजली याचं कारण तिचा स्वभाव. पाऊस संपल्यावर पेरावी, जमिनीतल्या ओलीवर वाढावी, दाणा माणसाला आणि कडबा जनावराला द्यावा. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ इथं निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत पेरली जाते. तिचा टपोरा, मोत्यासारखा दाणा आणि गोड भाकरी कुणाला सांगायला नको.

मग ती मागं का पडली? १९५६ साली अमेरिकेशी पी.एल. ४८० चा करार झाला आणि स्वस्त गहू जहाजांनी येऊ लागला. १९६४ साली सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण निघाला. उत्पन्न वाढलं. पण खरिपातली संकरित ज्वारी पावसात सापडली की दाण्यावर बुरशी चढे, भाकरी काळपट होई आणि बाजारात भाव पडे. १९६८ पर्यंत उत्तरेत बुटक्या गव्हानं क्रांती केली होती. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडची ज्वारी करपली, तेव्हा रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. मिलो म्हणजे ज्वारीच, पण तिची आठवण अजून कडूच आहे. नंतर पाणी आलेल्या भागात ऊस वाढला, खरिपात सोयाबीन आलं आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. पोळी ही सुखवस्तू घराची खूण ठरली आणि भाकरी गरिबाची.

आकडे पाहा. १९६०-६१ साली देशात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर क्षेत्र होतं. आता ते ४० लाख हेक्टरच्या आसपास आलं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी या भरड धान्यांचं महत्त्व पटवून देण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष पाळलं. शहरात मागणी वाढली, ही चांगली गोष्ट झाली. पण भाकरी थापणारे हातच राहिले नाहीत, तर धान्य पिकवूनही ते खाणार कोण?

घरी करून पाहा

१) गुंडाळीची ज्वारीची पोळी : एक वाटी ज्वारीचं ताजं पीठ, एक वाटी पाणी, चवीला मीठ, एक चमचा तेल. पाण्यात मीठ-तेल घालून उकळी आणा. पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, आच बंद करा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच पाण्याचा हात लावून भरपूर मळा. मळण्यात कसूर केली की कडा चिरणार. लहान गोळा घेऊन ज्वारीच्याच पिठावर पातळ लाटा. तवा चांगला तापवून दोन्ही बाजूंनी भाजा आणि लगेच फडक्यात गुंडाळून ठेवा. कोंडलेल्या वाफेनं ती मऊ राहते. आत झुणका, मटकीची उसळ किंवा वांग्याचं भरीत गुंडाळून मुलांच्या डब्यात द्यावं.

पीठ जुनं असलं आणि तरीही चिरत असेल, तर एक चमचा इसबगोलाचा भुसा तीन चमचे पाण्यात पाच मिनिटं भिजवून उकडीत मिसळावा.

२) कळण्याची भाकरी : चार वाट्या ज्वारीस एक वाटी सालासकट उडीद, अशा अंदाजानं मीठ घालून एकत्र दळावं. ही भाकरी थापायला सोपी जाते. नव्यानं शिकणाऱ्या मुलीनं इथून सुरुवात करावी.

३) नाचणीचा केक : एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी दही, दोन पिकलेली केळी, पाव वाटी तेल, अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. केळी, गूळ, दही, तेल एकत्र घोटावं, पिठं मिसळून दहा मिनिटं ठेवावं आणि सोडा शेवटी घालावा. इथं बांधणीचं काम केळं करतं. तेल लावलेल्या डब्यात ओतावं. जाड पातेल्यात मीठ किंवा वाळू पसरून तापवावी, तीवर डबा ठेवून वर झाकण घालावं. मंद आचेवर साधारण चाळीस मिनिटं लागतात. चूल असेल तर झाकणावरही थोडे निखारे ठेवावेत. काडी खुपसून पाहावी, कोरडी निघाली की झालं. पूर्ण गार झाल्यावरच कापावा, गरम कापला तर चुरा होतो. मैद्याच्या केकासारखा तो फुगणार नाही, ही अपेक्षा आधीच सोडावी. पहिल्या खेपेला निम्मं प्रमाण घ्यावं.

बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांतच कडवट होतं, कारण तिच्यात तेलाचा अंश जास्त. तेव्हा बाजरी लागेल तशी थोडी थोडी दळावी.

रोग्याच्या घरी ध्यानात ठेवा

सिलिॲकच्या रोग्याला गव्हाचं चिमूटभर पीठही चालत नाही. म्हणून धान्य शेतातून ताटात येईपर्यंत जपावं लागतं.

मळणी : ज्या यंत्रावर गहू मळला, त्यावर ज्वारी मळायची तर यंत्र आधी पूर्ण झाडून घ्यावं. घरच्या रोग्यापुरती ज्वारी वेगळी बडवून काढली तर उत्तमच.

साठवण : गव्हाचं जुनं पोतं वापरू नये. नवं बारदान किंवा स्वच्छ धुतलेली कोठी घ्यावी.

दळण : गावच्या गिरणीत गव्हामागून ज्वारी टाकली तर जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तीत उतरतं. पहिलं पायलीभर पीठ बाजूला काढलं तरी पुरती खात्री देता येत नाही. रोग्यासाठी घरघंटी वेगळी ठेवावी किंवा माळ्यावरचं जातं खाली काढावं.

स्वयंपाक : पोळपाट, लाटणं, परात, चाळण वेगळी असावी. पोळ्यांच्या तव्यावर ती भाकरी भाजू नये.

लपलेला गहू : भाजणीत बहुधा गहू असतो, म्हणून थालीपीठ विचारूनच खावं. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. कुरडई, शेवया, रवा, मैदा, दलिया सगळा गहूच. बाजारच्या हिंगाच्या पुडीत पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. दुधात घालायच्या काही पुडींत जवाचं माल्ट असतं. पाकिटावरची नावं वाचून घ्यावीत.

खपली गहू चालेल का, असं पुष्कळजण विचारतात. खपली, बन्सी किंवा कोणताही गावरान गहू असो, त्यात ग्लुटेन आहेच. सिलिॲकच्या रोग्याला तो वर्ज्य.

डॉक्टरांना केव्हा दाखवावं?

मूल वयाप्रमाणे वाढत नाही, वरचेवर जुलाब होतात, पोट फुगलेलं राहतं, किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही अंगात रक्त भरत नाही, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना दाखवावं. रक्ताच्या तपासणीनं संशय पक्का होतो आणि पुढं दुर्बिणीनं आतडं तपासतात. इथं एक गोष्ट फार महत्त्वाची. तपासणीच्या आधी आपल्या मनानं गहू बंद करू नका. गहू बंद केला की रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान चुकतं. एका मुलाला आजार निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांची आणि आईबापांचीही तपासणी करावी.

ज्याला हा आजार नाही आणि गहू बाधत नाही, त्यानं गहू सोडायचं कारण नाही. पोळी खावी, भाकरीही खावी. उगीच महागडी पाकिटं आणण्यात पैसा घालवू नये.

बचत गटांसाठी दोन शब्द

ज्वारीची बिस्किटं, नाचणीचे लाडू, भाकरीचं पीठ असे जिन्नस पुष्कळ बचत गट करतात. ते जरूर करावेत. पण पुडीवर 'ग्लुटेनमुक्त' छापण्याआधी विचार करा. कायद्यानं अशा मालात एका किलोला २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये आणि ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं. त्याच खोलीत गव्हाच्या शेवयाही होत असतील, तर ही मर्यादा सांभाळणं अवघड आहे. तपासणी झाली नसेल तर सरळ 'ज्वारीचं पीठ' एवढंच लिहा. खोट्या शब्दानं एखाद्या मुलाचं आतडं पुन्हा बिघडू शकतं.

येत्या रब्बीला

ज्यांच्याकडे ज्वारीचा पेरा बंद झाला आहे, त्यांनी येत्या रब्बीत निदान घरापुरती पाच-दहा गुंठे मालदांडी करून पाहावी. कडबा जनावरांना होईल, दाणा घराला. आणि घरात सुना-मुलींना, मुलग्यांनाही, उकड काढून भाकरी करायला शिकवावी. मेक्सिकोची चुन्याची रीत मक्यासोबत गेली नाही, त्याचं फळ युरोपच्या शेतकऱ्यांनी भोगलं. आपली उकडीची रीत आपल्याच घरातून जाऊ नये.

गावात कुणाच्या मुलाला हा आजार असेल, तर हे पत्रक त्यांना वाचून दाखवा. आपल्या भागात गव्हाविना भाकरीचा वेगळा प्रकार होत असेल, तर प्रमाण आणि कृतीसह आमच्या कार्यक्रमाला जरूर कळवा.